भोक कुठे होतं?

आमच्या ह्यांना एक खोड आहे. समोर कुणी फाटका कपडा उलगडला की हे आधी त्या भोकावर तळहात ठेवतात. मग दुकानात तिसरं कुणी आहे का ते बघतात. असलं, तर हात तसाच ठेवून गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गप्पा मारत बसतात. तिसरं माणूस गेलं की हात उचलून म्हणतात, "हं, आता दाखवा." एकतीस वर्षं मी हे बघते आहे. एकदा वैतागून म्हटलं, "अहो, भोक आहे, चोरीचा माल नाही." तर म्हणाले, "ज्याचं असतं त्याला लाज वाटते, तुला काय त्याचं."

हे रफू करतात. रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे आधीच सांगून टाकते, कारण ठिगळ म्हटलेलं ह्यांना चालत नाही आणि ह्यांना चालत नाही ते मला तर मुळीच खपत नाही. कपड्याच्याच आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि भोकावर एक उभा, एक आडवा असं करत मूळ विणीत मिसळून टाकायचे. बोटभर भोकाला कधी चार तास लागतात, कधी दोन दिवस. काम झालं की भोक कुठे होतं ते खुद्द ज्याचा कपडा त्यालाही सापडता कामा नये. सापडलं तर हे सगळं उसवतात आणि पुन्हा बसतात.

बसायची जागा एका लाँड्रीत, काउंटरच्या उजव्या अंगाला, मोठ्या खिडकीशी. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत उजेड सरळ मांडीवर येतो. शेजारच्या स्टुलावर मी. माझं काम बटणं, हूक, उसवलेल्या दुमडी, आणि ह्यांच्या वाटणीचं बोलणं. ते काम सगळ्यात जड.

खिडकी दिली थोरल्या मालकांनी. लाँड्री त्यांनी सुरू केली, चार वर्षांपूर्वी ते गेले. आता धाकटे मालक बघतात. माणूस वाईट नाही, फक्त घाईचा. शाळेच्या दप्तरासकट मी त्याला पाहिलेलं आहे, त्यामुळे तोंडानं मालक म्हणते आणि मनात पोरगा.

तर हा पोरगा एके दिवशी काउंटरवरून म्हणाला, "काका, वाफेवर कपडे दाबणारं नवं यंत्र घ्यायचं म्हणतोय. ते खिडकीशीच बसेल. तुम्ही मागच्या खोलीत बसा, एकाच्या जागी दोन ट्यूब लावून देतो."

ह्यांनी सुईत धागा ओवायला घेतला. म्हणून मी बोलले, "आणि नाही बसलो तर?"

"काकू, रागावू नका. रफूला आठवड्याला चार कपडेसुद्धा येत नाहीत हो. बरं, तीन महिने बघू. काम वाढलं तर यंत्राचं पुढचं पुढे."

संध्याकाळी घरी आल्यावर ह्यांनी आधी जेवून घेतलं. मग कपाटातून मोज्यांची एक जोडी आणून ट्यूबखाली माझ्यासमोर धरली. "कोणत्या रंगाचे?"

"काळे."

"एक निळा आहे," हे म्हणाले. "मला पण इथे कळत नाही. सकाळी खिडकीत कळलं होतं." मोजे घडी घालून ठेवले आणि झोपायला गेले. माझा मात्र डोळ्याला डोळा लागेना.

दुसऱ्या दिवशी लेकीला फोन लावला. ती परगावी असते, एका कंपनीचं जाहिरातीचं काम बघते. ती म्हणाली, "आई, बाबांचं पेज काढू. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, शेजारी शेजारी. लोक वेडे होतील." तिनं तिथून सगळं जुळवून दिलं, नाव ठेवलं "खिडकीतलं रफू", आणि फोटो कसा काढायचा, किती वाजता टाकायचा, सगळं मला वहीत उतरवून घ्यायला लावलं. मी उत्साहानं फोन घेऊन गेले, तर ह्यांनी भोकावर हात ठेवला.

"फाटक्याचा फोटो काढायचा नाही."

"अहो, नाव नाही टाकत कुणाचं."

"नाही म्हणजे नाही. झाल्यावर काढ, हवे तेवढे."

हे फारसं बोलत नाहीत, पण एकदा नाही म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी हलायचे नाहीत. मी हात टेकले. झाल्यावरचे फोटो काढत गेले. राखाडी कोट, तपकिरी शाल, निळी पँट, पांढरा शर्ट. एकेका कपड्याचे दोन-तीन, असे महिन्याभरात त्रेचाळीस फोटो टाकले. आता तुम्हीच सांगा, उत्तम रफू झालेल्या कपड्याच्या फोटोत दिसणार काय? कापड. नुसतं कापड. पेजला माणसं लागली एकतीस, त्यातली बावीस नात्यातली. माझे धाकटे दीर प्रत्येक फोटोखाली "वा" लिहीत होते, आणि मला शंका आहे की ते फोटो न बघताच लिहीत होते. एकदा मी चुकून आमच्या पोळपाटाचा फोटो टाकला, त्यालाही "वा" आलं.

लेक म्हणाली, "आई, लोकांना बोलायला काहीतरी दे ना. ते आले पाहिजेत, थांबले पाहिजेत." मी म्हटलं, बाई गं, तुझे बाबा बोलत नाहीत, त्यांचं काम बोलत नाही, मी एकटी किती बोलू?

मग चव्वेचाळिसाव्या फोटोला परक्या माणसाची पहिली कमेंट आली. फोटो एका करड्या शालीचा. बाईंनी लिहिलं होतं, "कापड छान आहे. मीटरचा भाव काय? आणखी कोणत्या रंगांत आहे?"

म्हणजे महिनाभर राबून मी कापडाचं दुकान उघडलं होतं.

ह्यांना वाचून दाखवलं तर हे खूश. मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "बघ, याला म्हणतात पावती." माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली. मी तिथल्या तिथे अंगठ्यानं धडाधड लिहिलं, "बाई, हे विकायचं कापड नाही. या शालीला उंदरानं कुरतडून बोटभर भोक पाडलं होतं आणि आमच्या ह्यांनी दीड दिवस बसून ते बुजवलं. कुठे होतं ते या फोटोत शोधून दाखवा, मग भाव विचारा." आणि फोन डब्याच्या पिशवीत टाकून दिला.

तासाभरानं पिशवी थरथरायला लागली. मला वाटलं लेकीचा फोन. बघते तर त्या बाईंनी उत्तर दिलेलं, "उजव्या कोपऱ्यात?" तिच्या बहिणीनं लिहिलेलं, "छे, मध्यभागी." बहिणीच्या नवऱ्यानं फोटोवर लाल गोल काढून पाठवलेला, त्याखाली दुसऱ्या कुणाचा हिरवा गोल. कुणी लिहिलं, आमच्या ऑफिसात काम बंद आहे, सगळे शाल बघतायत. संध्याकाळपर्यंत दोनशे चाळीस उत्तरं आली आणि एकही बरोबर नव्हतं.

ह्यांना फोन दिला. ह्यांनी नाकावरचा चष्मा कपाळावर सारला, कामाचं भिंग घेतलं आणि एकेक उत्तर भिंगातून वाचलं. प्रत्येकाला मनापासून उत्तर देत होते, फोनला नव्हे, मला. "नाही, तिथे नाही. हा जवळ आला होता बरं का. हा भलतीकडेच गेला, बिचारा." असे बोलके हे मी लग्नातसुद्धा पाहिले नव्हते.

मग ठरूनच गेलं. दर सोमवारी सकाळी दहाला एक फोटो आणि खाली एकच ओळ, भोक कुठे होतं? गिऱ्हाइकाला आधी विचारायचं, फाटक्याचा फोटो नाही, नाव नाही. उत्तर शनिवारी. जो शोधेल त्याचा एक कपडा फुकट. लेक फोनवरून आनंदानं किंचाळत होती, काय काय आकडे सांगत होती, मला त्यातलं एवढंच कळलं की लोक येतायत आणि थांबतायत. आणि खरंच यायला लागले. स्वेटर घेऊन, जुने कोट घेऊन, कुणी तर भोक नसलेली पँट घेऊन, नुसतं काकांना बघायला. एक म्हातारे गृहस्थ खिडकीबाहेर उभं राहून अर्धा तास सुई बघत राहिले आणि जाताना काचेवर टकटक करून मान डोलावून गेले. आठवड्याला चाराचे बारा कपडे झाले. मी मनात म्हटलं, जिंकलो.

आणि तेवढ्यात आला पोपट.

पोपट म्हणजे पेजवरचं नाव. चेहऱ्याच्या जागी पोपटाचं चित्र. सोमवारी दहाला फोटो पडला की दहा वाजून दोन मिनिटांनी त्याचं उत्तर हजर. "डाव्या खांद्याखाली, शिवणीपासून चार बोटं." बरोबर. पुढच्या सोमवारी, "मागच्या बाजूला, कमरपट्ट्याच्या खाली तीन बोटं." तेही बरोबर. असे सलग पाच सोमवार. फुकटचा कपडा घ्यायलाही कधी फिरकला नाही. लोक त्याला डोक्यावर घेऊन नाचू लागले, "पोपटराव, काय नजर आहे तुमची." पेजला तर आणखीनच जोर आला. लेक म्हणाली, असा एक खेळाडू मिळायला नशीब लागतं.

पण ह्यांचा चेहरा पडला. पहिल्या वेळी म्हणाले, "असेल कुणी जाणकार." दुसऱ्या वेळी भिंग घेऊन फोटोच बघत बसले. तिसऱ्या वेळेपासून झालेलं काम उसवायला लागले. चांगलं झालेलं रफू उसवायचं, पुन्हा करायचं, भिंगातून बघायचं, पुन्हा उसवायचं. कपड्यांची चळत वाढत चालली. मी म्हटलं, "अहो, हजार माणसांना दिसत नाही, एकाला दिसलं तर काय झालं?"

"दोन मिनिटांत दिसलं," हे म्हणाले. "म्हणजे ढळढळीत दिसतंय. लोकांना सवय नाही म्हणून कळत नाही इतकंच. माझा हात गेला, किंवा डोळे गेले."

आणि पाचव्या सोमवारी हे उठले, काउंटरपाशी गेले आणि आपण होऊन म्हणाले, "मालक, तुमचं यंत्र मागवा. मी बसतो मागे. मला आता खिडकीचा काही उपयोग नाही."

धाकटे मालक चक्रावले. "काका, अहो काम तर वाढलंय."

"मागवा," हे म्हणाले आणि सुया डबीत भरायला लागले. मालकानं फोन केला, यंत्र गुरुवारी येणार असं ठरलं. त्या खिडकीसाठी मी जिवाचं रान केलं होतं आणि हे ती ताटात वाढून देऊन मोकळे झाले.

त्याच दुपारी एक बाई पावती हरवली म्हणून आल्या. मालक बाहेर गेले होते. मी काउंटरमागे जाऊन पावत्यांचं पुस्तक चाळायला लागले. रफूचा कपडा घेताना मालक पावतीच्या प्रतीवर भोक कुठे आहे ते लिहून ठेवतात, नंतर गिऱ्हाइकाशी वाद नको म्हणून. तर एका पानावर त्यांच्या अक्षरात लिहिलेलं, "डाव्या खांद्याखाली, शिवणीपासून चार बोटं."

मी पान उलटलं. "मागच्या बाजूला, कमरपट्ट्याच्या खाली तीन बोटं."

त्या बाईंची पावती मी कशी शोधून दिली मला आठवत नाही. संध्याकाळी ह्यांना सांगितलं, "अहो, तुमचा हात जागेवर आहे. पोपट म्हणजे आपला मालक. डोळ्यांनी नाही शोधत, पुस्तकात वाचून लिहितो."

ह्यांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. "माझ्यासाठी किती खोटं बोलशील," म्हणाले. "राहू दे."

आता मला सांगा, अशा माणसाचं काय करायचं? पुस्तक दाखवावं, तर म्हणणार योगायोग. पुस्तकात नसलेलं एखादं रफू पेजवर टाकून पोपटाची बोलती बंद करणं, हा एकच उपाय होता. घरातलं काहीही चाललं असतं. पण माझं डोकं फिरलं होतं, आणि डोकं फिरलं की मला लहानसहान काही सुचत नाही. मला कोट आठवला.

थोरल्या मालकांचा काळा लोकरी कोट. त्यांच्या मागे धाकटे मालक तोच वापरतात, दुकानात आले की काउंटरमागच्या खुंटीला लावतात. अकरा वर्षांपूर्वी थोरले मालक नव्या इस्त्रीवाल्याला शिकवायला गेले, "कोट असा दाबायचा," आणि गप्पांच्या नादात स्वतःच्याच कोटावर इस्त्री ठेवून विसरले. लाँड्री त्यांची, इस्त्री त्यांची, कोटही त्यांचाच. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून कोट आमच्या घरी घेऊन आले. "हे कुणाला कळता कामा नये. माझ्या पोराला तर नाहीच." ह्यांनी शब्द दिला. दोन रविवार स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून काम केलं, दुकानात नेलंसुद्धा नाही. शब्द ह्यांनी दिला होता. मी चहा करत होते. मला कुणी विचारलंच नव्हतं.

मंगळवारी सकाळी, सोमवारची वाट न बघता, मी खुंटीवरच्या कोटाचा फोटो काढला आणि दहाच्या ठोक्याला टाकला. "हा काळा कोट. भोक कुठे होतं?"

दहा वाजून दोन मिनिटं झाली. पोपट नाही. दहा वाजून दहा झाली. बाकी जगाचे लाल, हिरवे, पिवळे गोल येत होते. मी स्टुलावरून काउंटरकडे डोळा लावून बसले. धाकटे मालक फोन बघत होते. मग मान वळवून खुंटीकडे बघितलं. मग पुन्हा फोनकडे. पावत्यांचं पुस्तक उघडलं आणि मिटलं. मग कोट काढला, काउंटरवर पसरला, वाकून वाकून बघितला, पालथा केला. ट्यूबखाली धरला. काही दिसेना म्हणून सरळ आमच्याकडे खिडकीत आले.

"काकू, हे काय?"

"काय हो पोपटराव," मी म्हटलं, "आज पुस्तकात नाही का सापडलं?"

कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला पोरगा. ह्यांच्या हातातली डबी तशीच राहिली. "म्हणजे ते खरंच तुम्ही?" हे म्हणाले.

"गंमत म्हणून हो काका. लोक वाहवा करायला लागले, मग सोडवेना. मला एकही दिसलं नव्हतं. कपडा हातात घेऊन, कुठे आहे ते माहीत असूनसुद्धा दिसलं नव्हतं. तुम्ही त्यावरून खिडकी सोडायला निघालात हे मला कळलंच नाही हो."

ह्यांनी डबी खाली ठेवली. मग हसले. मिशीतल्या मिशीत नाही, चांगलं खांदे हलवून हसले. इस्त्रीवाला मागच्या खोलीतून बघायला आला, काय झालं म्हणून. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पदरानं पुसलं. लपवायचं काय त्यात.

"पण या कोटाला भोक होतं?" धाकटे मालक म्हणाले. "बाबांच्या कोटाला?"

ह्यांचं हसू थांबलं. माझ्याकडे अशी नजर टाकली की पुढचे दोन दिवस अबोला राहणार हे मला तिथेच कळलं. त्याला म्हणाले, "कोट चांगला आहे. घालत जा."

पोरगा ऐकतोय थोडाच. त्यानं कोट ह्यांच्या मांडीवर उजेडात पसरला आणि बोटानं इंच इंच चाचपायला लागला. कॉलर झाली, बाह्या झाल्या, पाठ झाली. काउंटरवर दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती, त्यांच्याकडे लक्ष नाही. बोट छातीवरून खाली येत येत डाव्या खिशाच्या वर आलं, आणि ह्यांचा तळहात आपोआप पुढे होऊन तिथे बसला.

एकतीस वर्षांची खोड. ह्यांना पत्ताही नव्हता. हे खिडकीबाहेर बघत होते आणि त्या हाताखाली थोरल्या मालकांची लाज झाकून बसले होते.

धाकट्या मालकांनी तो हात पाहिला. बराच वेळ पाहिला. एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बटणाच्या डबीत डोकं घातलं. मग त्यांनी आपलं बोट हळूच उचललं, उजव्या खिशाकडे नेलं, तिथे उगाचच दोनदा फिरवलं.

"नाही सापडत काका," ते म्हणाले. "या उजेडात सापडत नाही, म्हणजे कुठेच सापडायचं नाही." कोट अंगात घातला, बटणं लावली. "यंत्र मागच्या खोलीत बसवतो. त्याला कुठे डोळे आहेत."

पाच मिनिटांनी पेजवर पोपटाची कमेंट आली, "हरलो." त्याला साडेचारशे लोकांनी हसून दाखवलं. लेकीचा फोन आला, "आई, हे तू कसं जमवलंस?" मी म्हटलं, डोकं फिरवून घेतलं की जमतं.

शनिवारी मी कोटाचं उत्तर टाकलं नाही. अजूनही लोक विचारतात, रोज दोन-चार गोल येतातच, त्यातला एखादा कधी चुकून बरोबरही असतो. मी सगळ्यांना एकच लिहिते, "जवळ आलात, अजून बघा." उत्तर आम्हा तिघांना ठाऊक आहे. ह्यांना वाटतं, दोघांनाच.